यंत्राचा डोळा आणि समाजाची नजर

बीड आणि धाराशिव हे मराठवाड्यातील दोन शेजारी जिल्हे. बालाघाटचे डोंगर दोघांत सामाईक, पावसाची हुलकावणी दोघांच्या वाट्याला सारखीच, आणि गाळप हंगाम जवळ आला की गावे ओस पाडून उसाच्या फडांकडे निघणाऱ्या टोळ्याही दोन्हीकडच्या. तरीही गेल्या पाव शतकात या दोन जिल्ह्यांतील कष्टकरी स्त्रीच्या ओटीपोटाकडे वैद्यकाने दोन अगदी निराळ्या नजरांनी पाहिले.

धाराशिव जिल्हा उस्मानाबाद या नावाने ओळखला जात होता तेव्हा, १९९९ साली, तेथील ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांना सामावून घेणारा एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त उपक्रम होता. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच हेरण्याची कोणती पद्धत खेड्यात खरोखर जीव वाचविते, एवढाच त्याचा प्रश्न होता. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा एकदाच केलेल्या एका विषाणूचाचणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणल्याचे दिसले.

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली वेगळेच चित्र पुढे आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकलेले आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे. येथे ते शेकडा जवळपास सतरा होते. ‘पिशवीला गाठ आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल’ हे वाक्य यांतील अनेकींनी ऐकलेले होते, आणि त्या वाक्याला आधार म्हणून पुष्कळदा एक सोनोग्राफीचा कागद पुढे केलेला होता.

एका जिल्ह्यात फारसे मोठे यंत्र नसताना मृत्यू घटले. दुसऱ्या जिल्ह्यात यंत्राने काढलेल्या चित्राच्या आधाराने हजारो स्त्रियांच्या शरीराची हानी झाली. एवढ्यावरून यंत्रच वाईट असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो चुकीचा ठरेल. ओटीपोटातील कर्करोग म्हणजे काय, यंत्राला त्यात काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आधी नीट समजून घेतल्याखेरीज या प्रश्नाचे राजकारणही नीट समजणार नाही.

कमरेच्या हाडांनी बनलेल्या वाडग्यासारख्या पोकळीला वैद्यक श्रोणी म्हणते. बोलीभाषेत ते ओटीपोट. या लहानशा जागेत स्त्रीचे गर्भाशय, गर्भाशयमुख आणि दोन बीजकोश, पुरुषाची पुरःस्थ ग्रंथी, आणि दोघांचेही मूत्राशय व गुदाशय दाटीवाटीने वसलेले असतात. यांपैकी कोणत्याही अवयवात कर्करोग होऊ शकतो आणि प्रत्येकाची रीत निराळी असते. गर्भाशयमुखाचा कर्करोग दहा-वीस वर्षे हळूहळू घडत येतो. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुधा पाळी थांबल्यानंतर अंगावर पुन्हा रक्त जाऊ लागते तेव्हा आपली चाहूल देतो. बीजकोशाचा कर्करोग मात्र पोट फुगणे, भूक मंदावणे अशा किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींच्या आड दडून पोटभर पसरतो. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात पुष्कळ काळ काहीच जाणवत नाही. मूत्राशयाचा कर्करोग वेदनेशिवाय लघवीतून रक्त दाखवितो. आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे रक्त मूळव्याधीचे समजून महिनोन् महिने अंगावर काढले जाते.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. जागा हाडांच्या भिंतीआड आहे आणि ती लाजेच्या भिंतीआडही आहे. अंगावरून पांढरे जाते हे सासूला सांगायचे, सासूने मुलाला सांगायचे की नाही हे ठरवायचे, आणि मग हंगाम संपल्यावर ‘बघू’ म्हणायचे, असा हा प्रवास असतो. पुरुषही लघवीच्या जागेचे दुखणे चारचौघांत काढीत नाहीत. वैद्यकाला जेथे डोळ्यांनी पाहता येत नाही आणि रोग्याला जेथे तोंडाने सांगता येत नाही, अशा जागेत पाहू शकणारे साधन मिळणे ही विसाव्या शतकातील मोठीच मानवी कमाई होती, यात शंका नाही.

त्या कमाईची जन्मकथा कष्टकऱ्यांच्या साप्ताहिकात मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १९५५ साली स्कॉटलंडमधील ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या काही गाठी मोटारीत घातल्या आणि त्या जवळच्या रेनफ्रू येथील बॉयलर बनविणाऱ्या एका कारखान्यात नेल्या. तेथे धातूच्या आत न दिसणारा तडा आहे काय, हे ध्वनिलहरींच्या साहाय्याने शोधणारे यंत्र होते. कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनांच्या लहरी धातूत सोडायच्या, आणि त्यांचा प्रतिध्वनी कोठून किती वेळाने परततो यावरून आतला दोष ओळखायचा, ही त्याची रीत. डोनाल्ड यांना दिसले की, पाण्याने भरलेली गाठ आणि मांसल भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे येतात. टॉम ब्राऊन हा तरुण अभियंता आणि जॉन मॅकव्हिकर हे सहकारी डॉक्टर यांच्यासह त्यांनी हे तंत्र माणसाच्या पोटावर आणले आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते जगापुढे ठेवले. त्यांच्या आरंभीच्या रुग्णांत अशी एक स्त्री होती की, जिला जठराचा बरा न होणारा कर्करोग झाला आहे असे मानून सर्वांनी आशा सोडली होती. ध्वनिलहरींनी दाखविले की पोटात आहे ती द्रवाने भरलेली प्रचंड गाठ आहे. शस्त्रक्रिया झाली, बीजकोशाची निरुपद्रवी गाठ निघाली आणि बाई वाचली. बॉयलर फुटून कामगार मरू नयेत म्हणून वापरले जाणारे तंत्र अशा रीतीने स्त्रीच्या प्राणरक्षणासाठी उपयोगी पडले. त्याच तंत्राला आज सोनोग्राफी म्हणतात.

पुढे इतर डोळे आले. १९७१ साली लंडनजवळ विम्बल्डनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. स्कॅन यंत्राने पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले. क्ष-किरण शरीराभोवती फिरवून गणकयंत्राने त्यांपासून आडवे काप तयार करण्याची ही युक्ती. त्यासाठी त्यांना आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एम.आर.आय.ची रीत याहून वेगळी. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन-केंद्रकांना रेडिओलहरींनी क्षणभर ढळवायचे आणि ती पूर्वस्थितीला येताना देत असलेल्या संकेतांतून चित्र उभे करायचे. यात क्ष-किरण नसतात. या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल मिळाले. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात. भुकेल्या कर्कपेशी ती अधिक खेचून घेतात आणि चित्रात उजळून दिसतात.

प्रत्येक डोळ्याची शक्ती आणि मर्यादा वेगळी आहे. सोनोग्राफी स्वस्त आणि निर्धोक असून गाठ पाण्याची की भरीव, हे ती चांगले सांगते. पाळी बंद झालेल्या स्त्रीला रक्तस्राव झाला, आणि योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी चार मिलिमीटरपेक्षा कमी निघाली, तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी उरते. गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रीच्या मूत्रपिंडांना सूज आहे असे साध्या सोनोग्राफीत दिसले, तर रोगाने मूत्रवाहिनी दाबली आहे हे कळते. सी.टी. स्कॅन फुप्फुसे, यकृत, दूरच्या लसिकाग्रंथी यांची झडती झपाट्याने घेतो. परंतु ओटीपोटातील एकमेकांना चिकटलेल्या मऊ अवयवांच्या सीमा त्याला तितक्या स्पष्ट दिसत नाहीत. त्या सीमा एम.आर.आय. दाखवितो. कर्करोग गर्भाशयमुखातच आहे की बाजूच्या ऊतींत शिरला आहे, गुदाशयाची गाठ भोवतालच्या पडद्यापासून किती अंतरावर आहे, हे त्याचे खरे क्षेत्र. पेट स्कॅन दूरवर गेलेला रोग शोधतो. मात्र खूण लावलेली ती साखर लघवीवाटे बाहेर पडत असल्याने मूत्राशय स्वतःच चमकतो आणि त्याच्या शेजारचे वाचणे अवघड होते.

यांतून तीन गोष्टी ठामपणे सांगता येतात. पहिली अशी की, चित्र संशय निर्माण करते किंवा दूर करते. कर्करोगाचा निर्णय मात्र ऊतीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच द्यावयाचा असतो. दुसरी गोष्ट अशी की, लवकर पाहणे म्हणजे नेहमीच जीव वाचविणे नव्हे. ब्रिटनमध्ये पाळी थांबलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर बीजकोशाच्या कर्करोगासाठी रक्तचाचणी व सोनोग्राफी यांचा उपयोग करून पाहण्यात आला. २०२१ साली त्याचा दीर्घकालीन निष्कर्ष आला, तेव्हा या तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत असे स्पष्ट झाले. तिसरी गोष्ट अशी की, योग्य जागी वापरलेले चित्र माणसाला अनावश्यक शस्त्रापासून वाचवूही शकते. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचा संशय असलेल्या ५७६ पुरुषांवर ब्रिटनमध्ये केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी एम.आर.आय. केला तर सुमारे एक-चतुर्थांश पुरुषांना सुई घालून तुकडे काढण्याची गरजच पडणार नाही, असे आढळले. चित्र नेमक्या कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी काढले, यावर त्याचे मोल ठरते.

आता उस्मानाबादकडे परत वळू या. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा ओटीपोटातील कर्करोगांपैकी सर्वांत अधिक टाळता येण्याजोगा. त्याचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूत आहे, हे दाखविल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाऊझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. विषाणूचा संसर्ग बहुतेक स्त्रियांत आपोआप नाहीसा होतो; थोड्यांत तो ठाण मांडतो आणि पेशी वर्षानुवर्षे बिघडत जातात. या बिघाडाच्या काळात कोणत्याही स्कॅनला काही दिसत नाही. तो शोधायला कापसाच्या बोळ्याने किंवा लहान ब्रशने घेतलेला नमुना पुरतो, किंवा तीन ते पाच टक्क्यांचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातील आम्लच, गर्भाशयमुखाला लावून एखाद्या मिनिटात पांढरा पडणारा भाग नुसत्या डोळ्यांनी पाहिला तरी चालते. उस्मानाबादमध्ये विषाणूचाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या रोगाचे ३४ मृत्यू झाले. चाचणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. या अभ्यासात एकदाच केलेल्या शिरक्याच्या तपासणीचा मात्र मृत्यूंवर उल्लेखनीय परिणाम दिसला नाही, हेही नोंदविले पाहिजे. परंतु मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक केंद्राने दीड लाखांवर स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्यात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी हीच तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. साधन स्वस्त असले तर त्याची पुनरावृत्ती हवी, एवढाच याचा अर्थ.

या ज्ञानाची किंमत कोणी दिली, हेही विसरता कामा नये. चाचणी न झालेल्या गटातील त्या ६४ मृत्यूंबद्दल पुढे वाद झाला. ज्या रोगाला तपासणीने आळा बसतो हे श्रीमंत देशांत अनेक दशके ठाऊक होते, त्या रोगासाठी गरीब स्त्रियांचा एक गट तपासणीविना ठेवावा काय, असा आक्षेप घेण्यात आला. ‘तेथे नाहीतरी काहीच सेवा मिळत नव्हती’ हे संशोधकांचे उत्तर वस्तुस्थितीला धरून होते. पण ते वस्तुस्थितीवरचे आरोपपत्रही होते. काही असो, त्या खेड्यांतील स्त्रियांनी जे सिद्ध करून दिले त्याचा लाभ देशातील प्रत्येक स्त्रीला मिळवून देणे हे किमान ऋण होते. ते फेडले गेले नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या स्त्रिया शंभरात दोन सुद्धा भरल्या नाहीत. २०२२ च्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात त्या एका वर्षात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाले.

बीडमधील घटनाक्रम या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला की दंड कापला जातो. फडावर संडास नाही, धुवायला पाणी नाही, पाळीच्या दिवसांत मोळ्या वाहणे थांबत नाही. अशा जिण्यात अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे, जंतुसंसर्ग होणे हे ओघानेच येते. हे दुखणे घेऊन स्त्री जेव्हा शहरातल्या खासगी दवाखान्याच्या पायऱ्या चढते तेव्हा तिची सोनोग्राफी होते, आणि कागदावर शब्द उमटतात: गर्भाशय किंचित मोठे, लहान तंतुमय गाठ, बीजकोशात पाण्याची गाठ. या तिन्ही गोष्टी सर्वसामान्य आहेत. तीन-चार बाळंतपणे झालेल्या स्त्रीचे गर्भाशय थोडे मोठे असणे स्वाभाविक असते. तंतुमय गाठ कर्करोगात बदलणे अत्यंत विरळ. पाळी येणाऱ्या वयात बीजकोशातील साधी पाण्याची गाठ पुष्कळदा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरते. पण इंग्रजीत छापलेला तो कागद तिला वाचता येत नाही. ‘गाठ’ आणि ‘कॅन्सर’ यांमधील अंतर सांगण्यात कोणाचेही हित नसते. उलट पाळीच बंद झाली तर खाडा टळेल, हा विचार मुकादमाच्याच नव्हे, तर कधी कधी घरच्यांच्या आणि तिच्या स्वतःच्या मनातही घर करून असतो. कर्ज काढून शस्त्रक्रिया होते. सोबत बीजकोशही काढले गेले तर ऐन तरुणपणी हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि त्याच अंगाने पुन्हा ऊस तोडायला जावे लागते.

या व्यवहारातील सर्वांत मोठे असत्य वैद्यकाच्याच कसोटीवर उघडे पडते. समजा, त्या स्त्रीला खरोखरच गर्भाशयमुखाचा वाढलेला कर्करोग असता, तर गर्भाशय काढण्याची ही साधी शस्त्रक्रिया चुकीचा उपचार ठरली असती. भोवतालच्या ऊतींसह अधिक व्यापक शस्त्रक्रिया, किंवा रोग बाजूला पसरला असल्यास शस्त्रक्रिया न करता किरणोपचार व औषधे, हा तेथील मार्ग. तो ठरविण्यासाठी आधी हातांनी व डोळ्यांनी तपासणी, मग ऊतीचा तुकडा, मग एम.आर.आय.सारखे चित्र, असा क्रम असतो. म्हणजे कर्करोग नसेल तर पिशवी काढण्याचे कारण नाही, आणि असेल तर अशी काढून चालत नाही. कर्करोगाच्या भीतीने पिशवी काढून घेतलेल्या स्त्रीला वस्तुतः कर्करोगाची तपासणी मिळालेलीच नसते. मिळालेली असते ती फक्त भीती.

महाराष्ट्राला सोनोग्राफीच्या दुरुपयोगाचा हा पहिलाच अनुभव नाही. याच यंत्राने स्त्रीच्या पोटात मुलगी आहे काय हे पाहिले जाऊ लागले, तेव्हा जनआंदोलनाच्या रेट्यामुळे १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. त्या लढ्याने एक गोष्ट शिकविली होती: यंत्र तटस्थ असले तरी ते ज्या बाजारात आणि ज्या पुरुषप्रधान घरांत उतरते ती तटस्थ नसतात. म्हणून यंत्रावर समाजाचे नियंत्रण हवे. बीडमधील प्रकरण उघडकीस आल्यावर खासगी रुग्णालयांनी अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असे बंधन आले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश दिला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु परवानगीची सही ही तपासणीची जागा घेऊ शकत नाही. शस्त्रक्रिया नाकारलेल्या स्त्रीचे दुखणे तसेच शिल्लक राहते, आणि त्यावर इलाज करणारी सरकारी व्यवस्था जवळ नसेल तर ती दुसऱ्या जिल्ह्यातील दवाखाना शोधते.

येथे दोन टोकांच्या भूमिका पुढे येतात. एक म्हणते, गावोगावी स्कॅन यंत्रे बसवा, सर्व काही दिसू लागेल. दुसरी म्हणते, ही सारी पाश्चात्त्य यंत्रांची आणि नफेखोरांची माया आहे; साधे आरोग्यशिक्षण पुरे. दोन्ही अपुऱ्या आहेत. पहिलीचा दोष वरील विवेचनात आलाच आहे. दुसरीचे उत्तर देण्यास कर्करोगाचा इतिहासच पुरेसा आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पायऱ्या ठरविण्याचे आंतरराष्ट्रीय नियम राष्ट्रसंघाच्या काळात, १९२९ साली, प्रथम आखले गेले. त्यानंतर जवळपास नव्वद वर्षे रोगाची पायरी मुख्यतः डॉक्टरांच्या बोटांनी केलेल्या तपासणीवरच ठरत राहिली. हा रोग अधिक करून गरीब देशांचा, आणि त्या देशांत एम.आर.आय. व सी.टी. नाहीत, म्हणून सर्वांना एकच मोजपट्टी लागू व्हावी, असे त्यामागचे कारण होते. २०१८ साली आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाने ‘जेथे उपलब्ध असेल तेथे’ चित्रांचा आधार घेऊन पायरी ठरविण्यास मान्यता दिली, आणि लसिकाग्रंथींत पसरलेला रोग चित्रात दिसला तर त्याला तिसऱ्या पायरीत स्थान दिले. बोटांना न कळणारे बरेच काही चित्राला कळते, याची ही कबुली होती.

‘जेथे उपलब्ध असेल तेथे’ या चार शब्दांत सारी वर्गव्यवस्था सामावली आहे. मुंबई-पुण्यातील सुखवस्तू स्त्रीचा रोग चित्रावरून तिसऱ्या पायरीचा ठरेल आणि तिचे किरणोपचार त्या ग्रंथींपर्यंत पोहोचतील; त्याच रोगाची गेवराई किंवा भूम तालुक्यातील स्त्री, चित्राअभावी, पहिल्या-दुसऱ्या पायरीची म्हणून नोंदली जाईल आणि अपुऱ्या उपचारानिशी घरी जाईल. कागदावर तिचा रोग कमी गंभीर असेल. प्रत्यक्षात तिचे मरण अधिक जवळ असेल. तेव्हा यंत्रांना विरोध करणे ही गरिबांची बाजू घेणे नव्हे. गरिबाला निरुपयोगी चित्र विकत घ्यावे लागते आणि आवश्यक चित्र परवडत नाही, हा खरा अन्याय आहे. निरोगी ऊसतोड स्त्रीच्या सोनोग्राफीचे पैसे तिच्या उचलीतून जातात. कर्करोगी ऊसतोड स्त्रीचा एम.आर.आय. पैसे जमेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, थांबतो.

मग मागणी कोणती करायची? ती अवाढव्य नाही. तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीची गर्भाशयमुख-तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरावीक वर्षांनी व्हावी. विषाणूची चाचणी शक्य तेथे ती, नसेल तेथे शिरक्याची. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत दर पाच वर्षांनी तपासणी सांगितलेलीच आहे. ती आशासेविकांच्या कामाच्या यादीत आणखी एक बिनमोलाची भर न ठरता त्यासाठी माणसे, मानधन आणि पडदा असलेली खोली मिळाली पाहिजे. तपासणीत दोष निघालेल्या स्त्रीवर शक्य तर त्याच भेटीत उपचार व्हावेत, कारण दुसऱ्यांदा बोलावलेली मजूर स्त्री पुष्कळदा येऊ शकत नाही. जिल्हा रुग्णालयात ऊतीचा तुकडा तपासणारी प्रयोगशाळा असावी, आणि कर्करोग सिद्ध झालेल्या प्रत्येक रुग्णाला, स्त्री असो वा पुरुष, एम.आर.आय. विनामूल्य आणि ठरलेल्या मुदतीत मिळावा. सोनोग्राफीच्या प्रत्येक अहवालाखाली त्याचा अर्थ दोन ओळींत मराठीत लिहिणे बंधनकारक व्हावे. ‘यात कर्करोगाची खूण नाही’ हे चार शब्द छापायला खर्च येत नाही, आणि हजारो पिशव्या त्यांनी वाचतील. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेली देशी विषाणूप्रतिबंधक लस २०२३ साली बाजारात आली आहे. ती ऊसतोड मजुरांच्या शाळाबाह्य मुलींपर्यंत पोहोचते की नाही, यावर तिचे यश मोजावे लागेल. कारण आईबरोबर फडावर गेलेली मुलगी शाळेतल्या लसीकरणाच्या दिवशी वर्गात नसते.

या मागण्या केवळ आरोग्य खात्याकडे करून भागणार नाही. साखर कारखान्याने फडावर संडास, पाणी आणि पाळीच्या दिवसांची भरपगारी सुटी द्यावी, खाड्याचा दंड रद्द व्हावा, यासाठी ऊसतोड मजुरांच्या संघटनांनी करारात आग्रह धरला पाहिजे. आजवर या करारांची बोलणी मुख्यतः टनामागच्या दरावर झाली आहेत. दर महत्त्वाचा आहेच. पण कोयत्याची अर्धी मालकीण असलेल्या स्त्रीचे शरीर हा कराराचा विषय आहे, हे संघटनांनीही मान्य करावयास हवे. तिला पिशवी ही अडचण वाटू लागते ती तिच्या अज्ञानामुळे नव्हे. कामाच्या अटींनीच तिला तसे वाटायला लावलेले असते.

दसऱ्यानंतर टोळ्या पुन्हा निघतील. ट्रॅक्टरवर भांडी, गोधड्या आणि पोरे चढवली जातील. त्याआधीच्या महिन्यात गावातच, परिचित आरोग्यसेविकेकडून, आडोशाच्या खोलीत, कापसाचा एक बोळा आणि थोडे शिरक्याचे द्रावण घेऊन त्या स्त्रियांची तपासणी होऊ शकते. ज्या थोड्या जणींत दोष निघेल त्यांच्यासाठी जिल्ह्यात प्रयोगशाळा आणि यंत्र सज्ज असू शकते. आणि उरलेल्या बहुसंख्य जणींना ‘बाई, तुमच्या पिशवीला काही झालेले नाही’ असे कोणीतरी त्यांच्या भाषेत सांगू शकते. हे शक्य आहे याचा पुरावा त्यांच्याच शेजारच्या जिल्ह्यातील स्त्रियांनी जगाला दिलेला आहे.